एंजलफिशची अंडी आईबापांकडेच ठेवावीत की वेगळी काढावीत?

चिरेबंदी :
म्हापशाला राहते. हॉलमध्ये तीन फुटी टँक आहे, पाणी साधारण दीडशे लिटर. त्यात एंजलफिशची एक जोडी, चार-पाच कोरी (तळाशी फिरणारे कोरिडोरस मासे) आणि ॲमेझॉन सोर्डची दाट झाडी. दुकानात 'जोडी' म्हणून जे विकतात त्यावर माझा विश्वास नाही, म्हणून छोटे सहा एंजल आणून वाढवले. मोठे झाल्यावर त्यातल्या दोघांनी फिल्टरकडचा कोपरा धरला आणि बाकीच्यांना तिकडे फिरकू देईनात. त्या चौघांना मैत्रिणीच्या टँकमध्ये धाडलं.

ही जोडी आता दर पंधरा-वीस दिवसांनी अंडी घालते. जागा ठरलेली, फिल्टरची उभी नळी. आधी दोघं तोंडाने घासून नळी लख्ख करतात. मग मादी खालून वर सरकत एकेक ओळ घालते आणि नर तिच्यामागून त्याच वाटेने जातो. नंतर दोघं आळीपाळीने कल्ल्यांमागचे पंख हलवत अंड्यांवर पाणी खेळतं ठेवतात. एखादं अंडं पांढरं पडलं की अलगद उचलून खातात, शेजारच्या चांगल्या अंड्याला धक्काही लागत नाही. हे बघायला बसलं की संध्याकाळ कशी जाते कळत नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नळी कोरी.

सगळे सांगतात, अंडी काढून वेगळ्या टँकमध्ये फोडा. मला ते पटत नाही. पिल्लं सांभाळणारे मासे म्हणूनच तर एंजलसारखे सिक्लिड कुळातले मासे पाळायचे. पण पिल्लं हाती लागत नाहीत हेही खरं. ज्यांनी घरी पिल्लं वाढवली आहेत त्यांनी कृपया लिहा. एंजलच नव्हे, कुठल्याही सिक्लिडचा अनुभव चालेल. गोव्याच्या पाण्यातला असेल तर उत्तमच.

परतीचा_पाऊस :
फोंड्याला माझं घरामागच्या पडवीत छोटं युनिट आहे, एंजलची पिल्लं दुकानांना देतो. स्पष्टच सांगतो, अंडी काढा.

नळीला टेकवून पाटीच्या दगडाची उभी पट्टी ठेवा, एक-दोन वेळा नळीवर घालतील, मग पट्टीवर येतील. अंडी घालून झाली की तासाभराने पट्टी उचलून लहान टँकमध्ये ठेवा. पाणी त्याच टँकमधलं, तापमान २७-२८. बुरशी रोखणाऱ्या मिथिलीन ब्लूचे थेंब टाका, पाणी फिकट निळं दिसेल इतकेच. एअरस्टोन पट्टीजवळ ठेवा, पण बुडबुडे थेट अंड्यांवर आदळायला नकोत. दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. त्यानंतर चार-पाच दिवस पिल्लं डोक्याकडच्या चिकट भागाने पट्टीला लटकून शेपट्या हलवत राहतात, पोटातल्या बलकावर जगतात. पोहायला लागली की आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीची ताजी पिल्लं.

दुकानात मिळणारे एंजल पिढ्यान्पिढ्या असेच काढलेले असतात. आईबापांनी वाढवलेले त्यांच्या कुळात कोणी नाही, त्यामुळे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

सत्तरीची_सून :
पाऊसदादा, तुमच्या पद्धतीने पिल्लं जास्त मिळतात हे मान्य. पण ताईंना दुकानाला माल द्यायचा नाहीये, त्यांना मासे पालक झालेले बघायचे आहेत. त्या दोन गोष्टींना एकच उत्तर कसं चालेल?

माझ्याकडे वाळपईजवळ विहिरीच्या पाण्यावर क्रिबेन्सिस आहेत. पश्चिम आफ्रिकेतला लहान सिक्लिड, मादी तीनेक इंचांची. तिला गुहा लागते. मी नारळाची करटी अर्धी फोडून, दोन-तीनदा उकळून, कडेला बोटभर खाच पाडून पालथी ठेवली. मादीचं पोट जांभळं-लाल झालं की समजायचं. ती आत छताला अंडी चिकटवते आणि आठवडाभर क्वचितच बाहेर येते. मग एका सकाळी ती पिल्लांचा घोळका घेऊन बाहेर पडते. पुढे आई, मागे बाप. धोका दिसला की आई पोटाखालचे पंख झटकते आणि सगळी पिल्लं क्षणात वाळूला चिकटून बसतात. धोका टळला की पुन्हा उठतात. हे कुठल्याही निळ्या पाण्याच्या बाटलीत बघायला मिळणार नाही.

नव्या जोडीची पहिली काही अंडी जातातच. धीर धरा.

अनुस्वार :
करटीला गोव्यात इतका मान याआधी कोणी दिला नसेल. +१

निळाझोत :
काढा-ठेवा ठरवण्याआधी अंडी जातात कुठे ते शोधा.

सगळीच पांढरी पडत असतील तर दोन माद्यांनी संसार मांडलेला असू शकतो. एंजलमध्ये हे सर्रास होतं, दोघी अंडी घालतात, राखतातही. अंडी घालताना पोटाखाली येणारी छोटी नळी बघा. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. फलित अंडं पारदर्शक, मधाच्या रंगाकडे झुकणारं राहतं आणि दीड-दोन दिवसांत आत काळसर ठिपका दिसायला लागतो.

आणि पाणी कुठलं? नळाचं की विहिरीचं? पीएच (आम्लता), टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजलंय का?

चिरेबंदी :
थोडीच पांढरी पडतात, कडेची. बाकी मधाच्या रंगाचीच. दुसऱ्या रात्री झोपण्याआधी टॉर्च मारून पाहिलं तर काळे ठिपके स्पष्ट दिसतात. म्हणजे रात्री असतात आणि सकाळी नसतात.

पाणी घरच्या विहिरीचं. पीएच ६ च्या आसपास, टीडीएस पन्नासच्याही खाली.

सत्तरीची_सून :
ताई, रात्री असतात आणि सकाळी नसतात? मग आईबापांवर आळ कशाला? रात्री टँकमध्ये जागं कोण असतं ते बघा. कोरी!

दिवे गेले की एंजलला दिसत नाही, कोरी मात्र मिश्यांनी चाचपत सगळीकडे फिरतात. अंधारात अंडी सापडली की संपली. आणि रात्री कोणीतरी घुसतंय हे कळलं की घाबरलेली जोडी उरलेली अंडी स्वतःच खाऊन टाकते. कोरी दुसरीकडे हलवा आणि खोलीत झिरोचा बल्ब रात्रभर राहू द्या.

परतीचा_पाऊस :
हे बरोबर आहे. कोरी हलवाच. माझ्याकडे पैदाशीच्या टँकमध्ये जोडीशिवाय कोणी नसतं म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

निळाझोत :
आता पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण हे गोव्यात बहुतेकांच्या उपयोगाचं आहे.

आपली जमीन जांभ्याची. पाऊस भरपूर आणि दगडात चुना जवळजवळ नाही, त्यामुळे आपल्या विहिरींचं पाणी मऊ आणि आम्लधर्मी असतं. एंजल, डिस्कस, रॅम हे दक्षिण अमेरिकेतले मासे, आणि क्रिबही, अशाच पाण्यातले. घाटावरचे लोक बोअरचं जड पाणी आरओमधून काढून, वर बदामाची पानं टाकून जे करतात ते आपल्याला बादली टाकली की मिळतं. ताईंच्या टँकमध्ये अंडी इतकी नियमित येतात त्याचं एक कारण हेच.

पण या पाण्याची एक खोड आहे. त्यात आम्ल शोषून घेणारे क्षार नसतात. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करतात, त्या कामात आम्ल तयार होतं. साठा नसला की पीएच घसरत ६ च्या खाली जातो, मग तेच जिवाणू मंदावतात. मासे तरीही ठीक दिसतात, कारण आम्ल पाण्यात अमोनिया कमी विषारी रूपात असतो. मग कोणीतरी एके दिवशी निम्मं पाणी काढून नळाचं भरतं, पीएच वर जातो, साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि पिल्लं सगळ्यात आधी मरतात. लोक म्हणतात क्लोरीनने मेली. क्लोरीनही मारतोच, पण तो थायोसल्फेटने जातो. हा जात नाही.

म्हणून थोडं पाणी, पण वारंवार बदलायचं. पिल्लं असताना रोज एक-दोन तांबे.

मलावीवेडा :
तुम्हा लोकांचं पाणी म्हणजे आमची डोकेदुखी. मी मडगावला म्बुना ठेवतो, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. त्यांना पीएच ७.८ ते ८.६ लागतो, पाणी जड. आपल्या विहिरीच्या पाण्यात ते खंगत जातात.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांचे शिंपले. मांस काढून उकळायचे, उन्हात वाळवायचे, जाडसर कुटून जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये. पाणी आम्ल होऊ लागलं की शिंपले हळूहळू विरघळतात आणि पीएच धरून ठेवतात. काहीजण किनाऱ्यावरचे पोवळ्याचे तुकडे उचलून आणतात. ते करू नका. दगडी पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

पैदाशीचं म्हणाल तर यांच्याइतके सोपे मासे नाहीत, कारण अंडी काढू की ठेवू हा प्रश्नच येत नाही. मादी अंडी तोंडात ठेवते. नराच्या मागच्या पंखावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते आणि मग त्या ठिपक्यांनाही अंडी समजून टिपायला जाते, तेव्हा नराचं बीज तिच्या तोंडात जातं आणि अंडी तिथेच फलित होतात. पुढचे तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी. खालचा जबडा फुगलेला, तोंडात सतत अंडी घोळवत असते. सोडते तेव्हा पिल्लं चांगली मोठी असतात, पहिल्या दिवसापासून चुरलेले दाणे खातात. आर्टेमियाचा खटाटोप नाही.

अनुस्वार :
तिसऱ्यांचं सुकं झालं, शिंपले टँकला. याला म्हणतात संसार.

परतीचा_पाऊस :
मलावीच्या पिल्लांबद्दल एक कळकळीची विनंती. वेगवेगळ्या जातींचे पीकॉक (हेही मलावीचेच) आणि म्बुना एकत्र ठेवले की संकर होतो. पीकॉकच्या माद्या तर बहुतेक करड्या, ओळखू येत नाहीत. अशी पिल्लं दुकानात जातात, कोणीतरी शुद्ध जात म्हणून घेतं आणि पुढे पैदास करतं. मिश्र टँकमधली पिल्लं ठेवायची असतील तर स्वतःकडे ठेवा, विकू नका.

मलावीवेडा :
शंभर टक्के मान्य. मी एका टँकमध्ये एकच जात ठेवतो, एक नर आणि पाच-सहा माद्या. एकाच मादीच्या मागे नर लागला तर तिचा जीव जातो.

पंचगंगा :
कोल्हापूरकडचा आहे, धागा आवडीने वाचतोय. माझ्याकडे फ्लॉवरहॉर्न आहे, डोक्यावर मोठा कोक, म्हणजे टेंगूळ. त्याला मादी आणली, अंडीही झाली, पण सगळी पांढरी. काही औषध आहे का?

निळाझोत :
औषध नाही. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गातला मासा नाही, १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडच्या संकरातून तयार केलेला. त्यातले बरेच नर वांझ निघतात. ब्लड पॅरट या दुसऱ्या संकराचंही तेच. तुमचा नर धडधाकट असेल तर त्याला तसाच मजेत राहू द्या. मादी मात्र वेगळी करा, अंडी गेली की तो तिच्यावर राग काढेल.

मोगरी :
वाचनमात्र असते, पण विचारते. आमच्या घरात मुलांना टँक घ्यायचा आहे. पिल्लांना जिवंत खाणं लागतंच का? आणि मागे कोणीतरी सांगितलं होतं की बाहेर पिंपात पाणी ठेवून डासांच्या अळ्या करायच्या आणि त्या द्यायच्या.

सत्तरीची_सून :
मोगरीबाय, डासांच्या अळ्या अजिबात नको. पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरून साचलेलं पाणी ओतायला लावतात ते उगाच नाही. माशांसाठी शेजाऱ्यांना डेंगी द्यायचा का?

परतीचा_पाऊस :
आर्टेमिया घरात होतो आणि वासही येत नाही. लिटरभराची पाण्याची बाटली तळाकडून कापून उलटी टांगायची. त्यात लिटरला २५ ग्रॅम जाडं मीठ. मी आगरवाड्याच्या मिठागरातलं वापरतो. अर्धा चमचा अंडी, तळाशी हवेची नळी जोरात, वर दिवा. आपल्या हवेत चोवीस तासांत फुटतात.

मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात. मध्ये नारिंगी ढग दिसतो, ती पिल्लं. बाजूने टॉर्च धरला की सगळी उजेडाकडे गोळा होतात, बारीक नळीने ओढून घ्या, कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुऊन टँकमध्ये. ताजी फुटलेलीच द्या. त्यांच्या पोटातला बलक काही तासांत संपतो, मग त्यांच्यात सत्त्व राहत नाही. एंजलच्या पिल्लाचं पोट भिंगातून नारिंगी दिसलं की पोटभर झालं. कवचं पिल्लांच्या पोटात गेली तर ती दगावतात, म्हणून गाळताना घाई नको.

दुसरं म्हणजे मायक्रोवर्म. डब्यात पोदेराच्या पावाचा ओला चुरा, चिमूटभर यीस्ट, जुन्या डब्यातलं विरजण. चार-पाच दिवसांत कडेवर बारीक किडे चढतात, बोटाने पुसून द्यायचे. वीज गेली तरी हे चालू राहतात, ही मोठी सोय.

अनुस्वार :
काल उरलेला पाव कुठे गेला याचं उत्तर आता घरच्यांना द्यावं लागणार.

खाजन :
सगळा धागा आज सकाळी वाचला. ॲमेझॉन झालं, आफ्रिका झाली, मलेशिया झालं. आपल्या घरच्या सिक्लिडचं नाव अजून कोणी काढलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी चोडणचा. आमची शेतं खाजनातली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली. भरती-ओहोटीला मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं उघड-बंद होतात, त्या पाण्यात लहानपणापासून काळुंदर बघत आलो. हिरवट अंगावर उभे पट्टे आणि बहुतेक खवल्यांवर पांढरा ठिपका. तो सिक्लिडच. भारतात सिक्लिडच्या तीनच मूळ जाती. एक हा काळुंदर. दुसरी कर्नाटकातल्या नद्यांत सापडणारी त्याची चुलत जात, आणि तिसरी बोटाएवढी नारिंगी क्रोमाइड. यांची सगळ्यात जवळची भावकी पार मादागास्करमध्ये. केरळने काळुंदराला २०१० मध्ये राज्यमासा केलं. आपला राज्यमासा शेवटो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काळुंदराकडे आपण ताटाच्या पलीकडे बघितलंच नाही.

खाजनाच्या बांधाशी, जिथे पाणी गुडघ्याएवढं आणि स्वच्छ असतं, तिथे ओहोटीच्या वेळी बसून राहिलं तर जोडी दिसते. बुडालेल्या दगडाला, लाकडाला, कधी मानशीच्या खांबाला अंडी लावतात. दोघंही राखतात. एक अंड्यांवर पंख हलवत असतो, दुसरा हातभर अंतरावर फेऱ्या मारतो. खेकडा आला तर अंगावर जातो. पिल्लं निघाली की तळाशी आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात नेतात, आणि एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवत राहतात.

घरच्या टँकला काळुंदर मोठा पडतो, वीतभर सहज होतो आणि झाडं खाऊन टाकतो. पाच फुटी टँक असेल तरच विचार करा. पण नारिंगी क्रोमाइड तीनेक इंचांवर थांबतो, दोन फुटी टँकमध्येही जोडी राहते. केरळहून येणाऱ्या मालात मिळतो. गोड्या पाण्यात राहतो, तरी थोडं मीठ मानवतं, अंड्यांना बुरशीही कमी लागते. त्याची अंडी बारीक देठांनी दगडाला लोंबतात. पिल्लं आईबापांच्या अंगावरचा श्लेष्मा टिपून खातात, डिस्कससारखी. पिल्लांनी झडप घातली की बाप क्षणभर थरारतो, पण जागचा हलत नाही.

आणि निसर्गात या दोघांचं नातं बघा. नारिंगी क्रोमाइड काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला साफ करतो. आणि संधी मिळाली की त्याचीच अंडी आणि पिल्लं पळवतो. असे मासे दाराशी असताना आपण जगभरातून मागवत बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्याला पिल्लं आईबापांजवळ वाढलेली बघायची आहेत, त्याने या माशापासून सुरुवात करावी. चिरेबंदीबाय, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर, अंडी ठेवा. राखायला देवाने त्यांना दोघं दिले आहेत.

मोगरी :
खाजनबाब, सुंदर लिहिलंत. मुलांना वाचून दाखवलं.

अनुस्वार :
आमच्या मावशीने फोटो बघून फक्त 'रव्यात की मसाल्यात?' एवढंच विचारलं.

खाजन :
मावशीचं बरोबर आहे, रव्यात. पण टँकमधला नव्हे.

पंचगंगा :
एक शंका. सगळे शंभर-दोनशे पिल्लांची गोष्ट करताय. एवढी पिल्लं ठेवायची कुठे? दुकानदार एका वेळी वीस-पंचवीस घेतो. आमच्याकडे लोक देवळाच्या तळ्यात नाहीतर विहिरीत सोडतात. मासे वाचतात, डासही कमी होतात.

खाजन :
पंचगंगाबाब, रागावू नका, पण हे कधीही करू नका. कुठेच.

१९५२ मध्ये मोझांबिकचा तिलापिया भारतात आणला, लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. तोही सिक्लिडच, मादी तोंडात पिल्लं वाढवते, त्यामुळे कुठेही टाकला तरी तगतो. आज गोड्या पाण्यात बघा, खाऱ्यात बघा, सगळीकडे तोच. काळुंदराला जी जागा अंड्यांसाठी लागते तिथे तिलापियाचे खड्डे दिसतात. तो बाहेर काढायचा उपाय कोणाकडेच नाही. तुमचं एंजल तळ्यात कदाचित मरेल, पण फ्लॉवरहॉर्न किंवा कॉन्व्हिक्ट सिक्लिड मरणार नाही.

निळाझोत :
डासांसाठीच म्हणाल तर गोव्यात मलेरियाच्या वेळी अप्लोकायलस हा इथलाच लहान मासा विहिरी-टाक्यांत वापरून पाहिला गेला होता. इथला मासा असताना परदेशी मासा सोडायचं कारण उरत नाही.

पिल्लं जास्त होत असतील तर साधा उपाय, प्रत्येक खेपेची वाढवायचीच असं नाही. आईबापांकडे ठेवली की निसर्ग आपोआप संख्या आटोक्यात ठेवतो.

परतीचा_पाऊस :
आणि ज्यांना खरंच वाढवून विकायची आहेत त्यांच्यासाठी, २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या रंगीत मासे युनिटचा खर्च ३ लाख धरला होता. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होतं. आता काय आहे याची मत्स्योद्योग खात्यात चौकशी करा. आधी गिऱ्हाईक शोधा, मग टाक्या बांधा.

चिरेबंदी :
इतक्या दिवसांनी परत आले, कारण सांगण्यासारखं काहीतरी व्हायची वाट बघत होते.

कोरी लगेच हलवल्या. झिरोचा बल्ब रात्रभर ठेवला. पुढची अंडी नळीवर न घालता सोर्डच्या रुंद पानावर घातली आणि तिसऱ्या सकाळी ती तिथेच होती! दुपारनंतर पान हलतंय असं वाटलं म्हणून जवळ जाऊन पाहिलं तर अंड्यांच्या जागी बारीक शेपट्या. एखादं पिल्लू पानावरून सुटून खाली पडायला लागलं की बाप तोंडात झेलतो, दोनदा चघळल्यासारखं करतो आणि पुन्हा पानावर थुंकतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं खाल्लं. संध्याकाळी दोघांनी मिळून सगळी पिल्लं शेजारच्या पानावर नेली, तोंडात दोन-तीन करून. रिकाम्या पानाकडे नर परत-परत जाऊन बघून येत होता, कोणी राहिलं नाही ना.

काल ती पोहायला लागली. आईबापांच्या मध्ये एक धूसर ढग फिरतोय. आर्टेमिया सुरू केला, पोटं नारिंगी दिसतात. खाजनबाब, सत्तरीच्या वहिनी, निळाझोत, सगळ्यांचे आभार.

आता अडचण वेगळी. परवापासून आम्ही चवथीला काणकोणला, मूळ घरी. पाच दिवसांचा गणपती, न जाऊन चालणारच नाही. पिल्लांना दिवसातून तीन-चारदा खाणं हवं. काय करू?

सत्तरीची_सून :
अभिनंदन ताई! चवथीला मीही सासरी असते, म्हणून अंडी त्या सुमाराला आलीच तर मी सोडून देते. पाच दिवस अगदी उपाशी मात्र ती राहणार नाहीत. सोर्डच्या पानांवरचं शेवाळ, त्यातले सूक्ष्म जीव ती टिपतात. काही जातील, काही राहतील.

परतीचा_पाऊस :
पाच दिवसांत बहुतेक जातील, खोटी आशा नको. अजूनही म्हणतो, निम्मी नळीने ओढून वेगळी काढा, मी फोंड्याला नेऊन वाढवतो आणि मोठी झाल्यावर परत देतो. निम्मी आईबापांकडे ठेवा. मग तुमचं आणि माझं दोघांचंही म्हणणं तपासून होईल.

निळाझोत :
ऑटोमॅटिक फीडरच्या नादी लागू नका. कोरडी पूड साठून पाणी नासेल, मऊ पाण्यात तर लवकरच.

चिरेबंदी :
पाऊसदादा, निम्मी न्या, आनंदाने. पण उरलेल्यांचं काय? शेजारच्या काकू चवथीला घरीच असतात, मासे आवडतात त्यांना, पण आर्टेमिया त्यांना जमणार नाही.

परतीचा_पाऊस :
काकूंना मायक्रोवर्म जमेल. उद्या शुक्रवार, मी बाजाराला म्हापशाला येतोच आहे. तयार झालेले दोन डबे आणतो. काकूंना सांगा, कडेवरचे किडे बोटाने पुसायचे आणि बोट पाण्यात बुडवायचं, सकाळ-दुपार-संध्याकाळ, एवढंच. पाणी बदलायला सांगू नका, जाण्याआधी तुम्हीच थोडं बदला. वीज गेली तर हवा चालू राहील असा सेलवरचा पंपही आणतो. बल्ब रात्री चालूच. आणि पिल्लं न्यायला मला झाकणाचा डबा लागेल, टँकमधल्याच पाण्याने भरून ठेवा.

चिरेबंदी :
ठेवते. दहाच्या आधी या, नंतर माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळ-पानांचं) सामान आणायला मीही बाजारातच असेन.